फडके, माठ आणि ओगराळे

(गावच्या बैठकीत केलेले भाषण)



मघाशी मी गावात आले, तेव्हा चावडीपुढे एक टेम्पो उभा होता. त्यात पाण्याचे निळे जार होते. एक आजी जार उतरवून घेत होत्या. मी विचारले, "आजी, घरी नळ आहे, गावात विहीर आहे. मग पाणी विकत कशाला?"

आजी म्हणाल्या, "बाई, नातू लहान हाय. त्याला चांगलं पाणी नको का?"

"हे पाणी चांगले आहे, हे तुम्हाला कोणी सांगितले?"

आजी म्हणाल्या, "अगं, थंडगार लागतं की!"

मंडळी, आजींची माया खरी आहे. लहान लेकराला चांगले पाणी हवेच. पाण्यातून जुलाब लागले, तर मोठा माणूस दोन दिवस पडून राहतो आणि उठतो. लहान मूल मात्र काही तासांत सुकते. कधी कधी ते हातचे जाते. म्हणून पाण्याची काळजी आधी लेकरासाठी घ्यायची.

पण थंड पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. जंतू गारठ्याने मरत नाहीत. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि जिभेला लागत नाहीत. जार कोठे भरला? कोणत्या पाण्याने भरला? आतून कधी धुतला? हे तुम्ही विचारले आहे का? काही ठिकाणी पाणी नीट शुद्ध करून देतात. काही ठिकाणी नुसते गार करून देतात. दोन्ही जार दिसायला सारखेच.

आता पैशांचे बघू. एक जार तीस रुपयांना पडतो असे धरा. दोन दिवसांना एक जार. म्हणजे महिन्याला पंधरा जार, साडेचारशे रुपये. वर्षाचे झाले पाच हजार चारशे. एवढ्या पैशांत मुलांची वह्या-पुस्तके येतील, आणि वर काही उरेल.

"मग काय करावे?" असे तुम्ही विचाराल. पाणी घरी शुद्ध करावे. ते कसे, ते सांगते. पण आधी एक जुनी गोष्ट ऐका.

तुमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांना नारू आठवत असेल. माझ्या लहानपणी माझ्या आजीला नारू झाला होता. पायाला फोड आला, फुटला, आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकावू लागला. हा किडा हातभराहून लांब असतो. तो ओढून काढता येत नाही. तुटला की पाय सुजतो, पिकतो. म्हणून काडीवर गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर काढायचा. आजी कित्येक दिवस खाटेवर होती. ऐन पेरणीचे दिवस होते. घरची पेरणी त्या साली मागे पडली.

लोक म्हणत, देवीचा कोप आहे. पण कोप नव्हता. नारू पाण्यातून येत होता. नारू झालेला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरे. त्याच्या पायातून नारूची पिल्ले पाण्यात पडत. पाण्यातले बारीक किडे ती पिल्ले गिळत. तेच पाणी आपण न गाळता पीत असू. मग वर्षभराने आपल्या पायातून नारू निघे.

नारूवर लस नव्हती. तो बरा करणारे औषधही नव्हते. मग तो गेला कसा? १९८३-८४ साली देशभर नारूची मोहीम सुरू झाली. कामकरी लोक गावोगाव फिरले. त्यांनी सांगितले, पाणी फडक्याने गाळून प्या. नारूच्या रोग्याला विहिरीत उतरू देऊ नका. पायऱ्यांच्या विहिरी बंद करा, हातपंप बसवा. लोकांनी ऐकले. १९९६ सालच्या जुलै महिन्यात आपल्या देशातला शेवटचा नारूचा रोगी सापडला, राजस्थानात. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले.

बघा मंडळी! एवढा मोठा रोग, आणि त्याला हाकलणारांत एक साधे फडके होते. ते फडके आजही आपल्या घरात आहे.

आता पाणी शुद्ध करण्याच्या पायऱ्या सांगते.

पहिली पायरी, गाळा. धुतलेल्या सुती साडीचे फडके घ्या. ते तीनदा दुमडा, म्हणजे आठ पदर होतात. जुनी साडी नव्या साडीपेक्षा बरी. धुऊन धुऊन तिचे धागे पिंजतात आणि भोके बारीक होतात. बांगलादेशातल्या खेड्यांत बायकांनी असे पाणी गाळले. तिथे पटकीचे रोगी जवळजवळ निम्म्याने कमी झाले. २००३ साली हे छापून आले. पटकीचे पुष्कळसे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटलेले असतात. किडा फडक्यात अडकला की जंतूही अडकतो. गाळून झाले की फडके धुवा आणि कडक उन्हात वाळवा.

पाणी गढूळ असेल तर आधी तुरटीचा खडा त्यात थोडा वेळ फिरवा आणि पाणी स्थिर ठेवा. गाळ खाली बसेल. वरचे निवळ पाणी गाळून घ्या.

पण एक ध्यानात ठेवा. गाळून आणि निवळून सगळे जंतू जात नाहीत. म्हणून दुसरी पायरी हवी.

दुसरी पायरी, जंतू मारा. याचे तीन मार्ग आहेत. ज्याला जो जमेल, तो त्याने घ्यावा.

एक, उकळणे. पाणी नुसते कोमट करून भागत नाही. खळखळ उकळी फुटली पाहिजे, आणि ती एक मिनिट तरी चालली पाहिजे. मग झाकण ठेवून त्याच भांड्यात निवू द्या. सरपण आणि गॅस महाग आहे, हे मला कळते. सगळ्या घराचे पाणी उकळणे जमत नसेल, तर लहान मुलांचे, गरोदर बाईचे आणि आजारी माणसाचे तरी उकळा. पावसाळ्यात तर चुकवूच नका.

दोन, क्लोरीन. याचे थेंब किंवा गोळ्या मिळतात. गावातल्या आशाताईंना विचारा. किती पाण्याला किती घालायचे, ते बाटलीवर किंवा पाकिटावर लिहिलेले असते. आता तुम्हाला वाचता येते, तेव्हा स्वतः वाचा! औषध घाला, ढवळा, झाका आणि अर्धा तास थांबा. मग प्या. थोडा वास येतो. म्हणून काही जण ते पाणी ओतून देतात. तसे करू नका. तो वास म्हणजे औषध पाण्यात आहे, याची खूण आहे.

तीन, ऊन. याला पैसाही लागत नाही. विकतच्या पाण्याची रिकामी पारदर्शक बाटली आपण फेकून देतो. ती फेकू नका. दोन लिटरपेक्षा मोठी नको. तिचा कागद काढा, आतून स्वच्छ धुवा. तिच्यात गाळलेले निवळ पाणी भरा, झाकण लावा आणि पत्र्यावर आडवी ठेवा. कडक उन्हात सहा तास राहिली की जंतू मरतात. आभाळ असेल तर दोन दिवस ठेवा. पावसाच्या झडीत मात्र हा मार्ग चालत नाही. तेव्हा उकळा किंवा औषध घाला.

तिसरी पायरी, सांभाळा. आपण म्हणतो, आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? पण पाण्याचे उलटेही होते. आडातले पाणी चांगले असते आणि घरच्या माठात घाण होते. कसे? आपण तांब्या बुडवतो. त्याबरोबर बोटेही बुडतात. लेकराची शी धुतलेला हात, गोठ्यातला हात, सगळे माठात जाते. मग सकाळी उकळलेले पाणी दुपारी पुन्हा नासते.

म्हणून माठावर झाकण ठेवा. माठ तिवईवर, उंच ठेवा. पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढा, किंवा तोटीचा माठ घ्या. ओगराळे खाली टेकवू नका, खुंटीला अडकवा. माठ रोज घासा. संडासाहून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा.

आता एक इशारा देते. काही ठिकाणी पाण्यातच क्षार असतात. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. त्याने मुलांचे दात पिवळे-तपकिरी होतात, हाडे वाकतात. हे उकळून जात नाही. उलट पाणी आटते आणि क्षार वाढतो. क्लोरीननेही जात नाही, उन्हानेही जात नाही. म्हणून पाणी तपासून घ्या. ग्रामपंचायतीकडे मागणी करा. दोष निघाला तर पिण्यासाठी दुसरी चांगली विहीर धरा, किंवा छपरावरचे पावसाचे पाणी साठवा. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्या आणि मगचे भरा. तेही गाळून, जंतू मारूनच प्या. अशा गावात यंत्राने नीट शुद्ध केलेले पाणी विकत घेतले, तरी त्यात चूक नाही. पण तेही तपासलेले आहे का, हे विचारा.

बोलणे संपवते. जाताना आजींना मी पुन्हा भेटणार आहे. त्यांना म्हणणार आहे, "आजी, नातवासाठी माया केलीत, आता थोडी मेहनत करा. साडीचे फडके काढा, पाणी उकळा, माठ झाका, ओगराळे घ्या."

तुम्हीही आज घरी गेल्यावर आधी आपला माठ बघा. झाकण आहे का? ओगराळे आहे का? नसेल तर येत्या बाजाराला आणा. मग आपल्या शेजारणीला हे वाचून दाखवा. एका घराने पाणी सांभाळले तर त्या घरचे लेकरू वाचते. सगळ्या गावाने सांभाळले तर नारूसारखेच इतर रोगही गाव सोडून पळतील.