निद्रेची गोळी, मद्याचा पेला आणि आपले मैत्र
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा गौरव माझ्या आधीच्या वक्त्यांनी समर्थपणे केला आहे. माझ्या वाट्याला आलेला विषय मात्र उत्सवी नाही. विश्वस्तांनी ‘आरोग्य’ एवढेच सुचवले होते. विषय मी निवडला, आणि तो निवडताना मनाशी बराच झगडा झाला. कारण या विषयावर बोलायचे तर स्वतःविषयी बोलावे लागते.

आपण सर्व जण मला सांगलीतील एक औषध-दुकानदार म्हणून ओळखता. चाळीस वर्षे मी गल्ल्यावर बसलो. आपल्यापैकी अनेकांच्या घरची दुखणी मला चिठ्ठीवरून ठाऊक आहेत. मी निर्व्यसनी आहे असे आपण मानत आलात आणि मीही तसेच मानत होतो. अष्टमूलगुणांतला मद्यत्याग लहानपणी आईच्या मांडीवर शिकलो. विडी नाही, तंबाखू नाही, सुपारीसुद्धा नाही. आणि तरीही तेरा वर्षे मी एका पदार्थाच्या अधीन होतो. तो पदार्थ माझ्याच दुकानाच्या कपाटात होता.

सन 2005 च्या पुरात कृष्णामाई आमच्या पेठेत शिरली. दुकानातील औषधांचा सारा साठा चिखलात गेला. देणेकरी दारात, विम्याचे भांडण, घरात दोन मुलांची शिक्षणे. झोप उडाली. ओळखीच्या डॉक्टरांनी अल्प्राझोलामची पाव मिलीग्रॅमची गोळी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली. त्यांची चूक काहीच नव्हती. सोळाव्या दिवशी गोळी मी स्वतःच काढून घेतली. विचारणारे कोण होते? पावाची अर्धी झाली, अर्ध्याची एक झाली. रात्री नऊ वाजता हात आपोआप त्या कपाटाकडे जाई. दुकानदारच रुग्ण झाला की हिशेब ठेवणारा कोणी उरत नाही, एवढेच येथे नमूद करतो.

या गोळ्यांच्या कुळाला बेंझोडायझेपाइन म्हणतात. लिओ स्टर्नबाख या संशोधकाने शोधलेली यातली पहिली गोळी, लिब्रियम, 1960 साली बाजारात आली. पाठोपाठ 1963 साली व्हॅलियम, म्हणजेच डायझेपाम, आली. आधीच्या बार्बिट्युरेट गोळ्यांपेक्षा त्या पुष्कळ सुरक्षित होत्या, म्हणून जगाने त्यांचे स्वागत केले. फिट येणाऱ्या रुग्णाला, शस्त्रक्रियेपूर्वी, तीव्र घबराटीत, अल्पकाळासाठी त्या आजही वरदान आहेत. परंतु ब्रिटनमधील औषध-सुरक्षा समितीने 1988 सालीच बजावले होते की चिंता आणि निद्रानाश यांसाठी त्या दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत. आपल्या देशात 1 मार्च 2014 पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही औषधे ‘एच-1’ या परिशिष्टात आली. विक्रेत्याने स्वतंत्र नोंदवही ठेवावी, तीत डॉक्टरांचे आणि रुग्णाचे नाव लिहावे आणि ती तीन वर्षे जपावी, असा नियम झाला. ती नोंदवही पहिल्यांदा उघडली तेव्हा माझे मलाच कळले की, मी प्रामाणिक राहिलो तर सर्वांत अधिक वेळा माझेच नाव लिहावे लागेल.

आपल्या मेंदूत ‘गाबा’ नावाचे एक रसायन आहे. ते लगामाचे काम करते. धावणाऱ्या मज्जापेशींना ते शांत करते. ही गोळी त्या लगामाला बळ देते. परंतु रोज बाहेरून बळ मिळू लागले की मेंदू आपला स्वतःचा लगाम सैल सोडतो. मग एक दिवस गोळी अचानक बंद केली तर घोडा उधळतो. झोप जाते, छाती धडधडते, हात कापतात, दिवा आणि आवाज सोसवत नाही, विनाकारण भय दाटते. आणि काहींना फिट येऊन जिवावर बेतते. म्हणून ही गोळी कोणीही, केव्हाही, स्वतःच्या मनाने एकदम थांबवू नये. हे वाक्य आपण घरी जाऊन प्रत्येकाला सांगावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

सन 2018 च्या दिवाळीनंतर मी मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी मला दोष दिला नाही. लवकर उतरणाऱ्या अल्प्राझोलामऐवजी शरीरात संथ उतरणारे डायझेपाम सुरू केले आणि मग पायरीपायरीने मात्रा कमी करत नेली. ब्रिटनमध्ये न्यूकॅसल येथे प्राध्यापिका हेदर अ‍ॅश्टन यांनी 1982 ते 1994 या काळात अशाच रुग्णांसाठी दवाखाना चालवून ही संथ रीत रूढ केली. सन 2025 मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेतही प्रारंभी दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के एवढीच घट सुचवली आहे. ज्याला वर्ष-दीड वर्ष लागते त्याने लाजू नये. मला तर जवळजवळ बावीस महिने लागले. मध्ये 2019 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा महापूर आला, पुन्हा दुकान पाण्याखाली गेले. डॉक्टरांनी घट थांबवली, पण गोळी वाढवली नाही.

आता आजच्या विषयाच्या गाभ्याशी येतो. या काळात शरीराच्या त्रासापेक्षाही मोठा त्रास होता तो एकटेपणाचा. चार लोकांत बसले की कानात गुंजन होई, बोलताना शब्द सापडत नसत, हात थरथरे म्हणून चहाचा कप उचलण्याची लाज वाटे. मंदिरात जाणे सोडले नाही, परंतु स्नेहसंमेलने, बारसी, वास्तुशांती टाळू लागलो. लोक म्हणू लागले, अण्णांना गर्व झाला. खरे सांगता येत नव्हते. ‘वेडाच्या डॉक्टरकडे जातो’ हे शब्द आपल्या समाजात अजूनही घराच्या चार भिंतींबाहेर पडत नाहीत.

डिसेंबर 2019 मध्ये एका व्यापारी स्नेह्याच्या मुलाच्या साखरपुड्यासाठी आम्ही महाबळेश्वरच्या एका हॉटेलात गेलो होतो. कार्यक्रम सुरेख झाला, सूर्यास्तापूर्वी भोजनही झाले. मात्र रात्री वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत वेगळी बैठक होती. अशा बैठका होतात, हे आपण सर्व जण जाणतो आणि जाणत नाही असे दाखवतो. मी महिनाभर नीट झोपलो नव्हतो. एक जुना मित्र माझा हात धरून म्हणाला, “अण्णा, त्या गोळ्यांपेक्षा हे बरं. द्राक्षाचाच रस आहे. दोन पेले घ्या, बाळासारखे झोपाल.” त्याच्या मनात कपट नव्हते, त्याला माझी दया आली होती. आणि मी, ज्याने सत्तावन्न वर्षांत थेंबही घेतला नव्हता, दोन पेले घेतले.

बंधूंनो, खोटे बोलणार नाही. अर्ध्या तासात कित्येक महिन्यांनी खांदे सैल झाले. मी हसलो, गप्पा मारल्या, जुना अण्णा परत आला असे सर्वांना वाटले. मलाही वाटले. झोपही लागली. परंतु पहाटे तीन वाजता छाती फुटेल अशी धडधड घेऊन जागा झालो. अंग घामाने निथळत होते, पाय थरथरत होते. पुढचे दहा-बारा दिवस कसे गेले ते माझ्या सौभाग्यवतींना विचारावे. चार महिन्यांत चढलेल्या पायऱ्या एका रात्रीत घसरलो, असे मला वाटले. व्रत मोडल्याचे शल्य वेगळेच.

असे का झाले? डॉक्टरांनी समजावले ते सोपे आहे. मद्य आणि ही गोळी एकाच कुलपाला लागतात. दोन्ही त्याच ‘गाबा’च्या लगामावर काम करतात. म्हणूनच तर मद्यपीचे मद्य सोडवताना रुग्णालयात याच कुळातील गोळ्या वापरतात. तेव्हा गोळी सोडणाऱ्याने मद्य घेणे म्हणजे पुढच्या दाराने ज्याला निरोप दिला त्यालाच मागच्या दाराने आत घेणे होय. मद्याने झोप लागते ती रात्रीच्या पूर्वार्धात; ते उतरू लागले की उत्तरार्धात झोप मोडते आणि मज्जासंस्था उलट अधिक खवळते. ज्याची मज्जासंस्था आधीच उघड्या जखमेसारखी आहे त्याला तो उलटा फटका दुप्पट लागतो. आणि गोळी अजून चालू असताना त्यावर मद्य घेतले तर धोका निराळाच: श्वास मंदावणे, तोल जाऊन पडणे, स्मृती जाणे. असे मृत्यूही घडले आहेत.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अ‍ॅश्टनबाईंनी आपल्या रुग्णांना अल्प मद्याची सरसकट बंदी केली नव्हती. उतरत्या गोळीची जागा चढत्या मद्याने घेऊ नये, हा त्यांचा इशारा होता. सर्वांची प्रकृती सारखी नसते. पण ज्याला त्या एका पेल्यात झोप, धीर आणि मित्र हे तिन्ही एकदम सापडतात, त्याचा पेला एकावर थांबत नाही. मला ते तिन्ही सापडले होते. म्हणूनच मी घाबरलो, आणि सोमवारी जाऊन डॉक्टरांना सर्व सांगितले. त्यांनी तीन आठवडे मात्रा आहे तेथेच ठेवली आणि मग पुन्हा उतरंड सुरू केली. सप्टेंबर 2020 मध्ये शेवटची गोळी घेतली. त्यानंतरही काही महिने झोप आणि मन वर-खाली होत राहिले. हळूहळू तेही निवले.

आपल्या समाजासाठी दोन सावधगिरीच्या सूचना औषध-दुकानदार या नात्याने करतो. पहिली, मद्य केवळ बाटलीतच असते असे नाही. द्राक्षासव, अश्वगंधारिष्ट यांसारख्या आसव-अरिष्टांत किण्वनाने आपोआप मद्यार्क तयार होतो. त्याचे प्रमाण बाटलीच्या वेष्टनावर छापलेले असते. होमिओपॅथीच्या मूळ अर्कांतही मद्यार्क असतो आणि खोकल्याच्या काही औषधांतही. झोपेसाठी म्हणून अशी औषधे घेण्यापूर्वी वेष्टन वाचावे आणि आपल्या डॉक्टरांना विचारावे. दुसरी सूचना उपवासाची. दशलक्षण पर्वात निर्जळी उपवास करणाऱ्या, किंवा सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्या अनेक माता-भगिनी रात्रीची गोळी चुकवतात. ज्यांची ही गोळी अनेक महिने चालू आहे, त्यांनी संकल्प करण्यापूर्वी वेळेविषयी डॉक्टरांशी अवश्य बोलावे. उपवासात आलेली प्रत्येक थरथर अशक्तपणाची नसते.

मग अशा माणसाने घरात कोंडून घ्यावे काय? मुळीच नाही. माणसांत जाणे हाही औषधाचाच भाग आहे. माझा अनुभव सांगतो. रात्रीच्या बैठकीऐवजी सकाळच्या कार्यक्रमाला जावे. गर्दीत तासभर बसावे आणि उठण्याची मुभा आधीच मागून ठेवावी. बरोबर एक माहीतगार माणूस असावा. माझ्या बाबतीत धाकटा भाऊ असे. हातात आपला कोकम सरबताचा किंवा पन्ह्याचा पेला असावा, म्हणजे दुसरा कोणी हातात देत नाही. आणि कोणी आग्रह केला तर लांबलचक कारणे देऊ नयेत. “औषध चालू आहे, चालत नाही,” एवढे पाच शब्द पुरतात. ते खरेही आहेत.

परंतु केवळ रुग्णाने सावध राहून भागणार नाही. यजमानांना माझी विनंती आहे की आग्रह हे आपले भूषण असले, तरी तो पानातील वाढपापुरता ठेवावा. एखादा नको म्हणाला तर ‘का’ विचारू नये. कोणी अबोल झाला, समारंभ टाळू लागला, तर गर्व समजण्यापूर्वी त्याच्या घरी एकदा जाऊन बसावे. माझ्या घरी असे एक गृहस्थ दर गुरुवारी येत. ते काही विचारत नसत. बुद्धिबळाचा पट मांडत आणि निमूट खेळत. ते या सभागृहात बसले आहेत. त्यांचे नाव घेतलेले त्यांना आवडणार नाही.

ज्यांना कोणाशी बोलावे हे सुचत नाही त्यांच्यासाठी शासनाची ‘टेली-मानस’ ही 14416 क्रमांकाची विनामूल्य सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

सप्तव्यसनांची यादी आपण पाठ म्हणतो. त्या यादीत ही गोळी नाही, म्हणून मी तेरा वर्षे स्वतःला निर्व्यसनी समजलो. आणि त्या यादीत मद्य आहे, म्हणून चूक झाल्यावर ती सांगायला मला धीर होत नव्हता. दोन्ही वेळा मौनाने माझे नुकसान केले. आज या पन्नास वर्षांच्या वास्तूत ते मौन मी सोडले आहे. आपल्यापैकी एकाने जरी आज रात्री आपल्या उशालगतचे पाकीट घरच्यांना दाखवले आणि उद्या डॉक्टरांची वेळ घेतली, तरी हे बोलणे कारणी लागले असे मी मानेन.