कापूस थांबत नाही
(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

माझं बालपण हिंगणघाटला गेलं. दिवाळीनंतर कापसाच्या बंड्या रांगेनं जिनिंगकडे निघत. वेचलेला कापूस खताच्या पोत्यात भरला, की पोत्याचा एखादा प्लॅस्टिकचा धागा त्यात मिसळे. त्याचं कुणाला काही वाटत नसे. पण सूतगिरणीत त्याच धाग्याचे बारीक तुकडे होतात आणि प्लॅस्टिक रंग घेत नसल्यानं रंगवलेल्या कापडावर ते डाग होऊन उमटतात. २००० साली केंद्र सरकारनं कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केलं, त्यात स्वच्छ कापूस हाही एक हेतू होता.

पुढे इंजिनिअर होऊन मी हा धागा शोधणाऱ्या यंत्राच्या कामाला लागलो. गिरणीत नळीतून रुई हवेच्या झोतानं धावते. कॅमेरा तिला पाहतो, प्रोसेसर निर्णय घेतो आणि पुढची हवेची नोझल तेवढाच पुंजका बाहेर उडवते. समजा, रुईचा वेग सेकंदाला १० मीटर आणि नोझल अर्ध्या मीटरवर. म्हणजे हाती फक्त ५० मिलिसेकंद. उत्तर ५ मिलिसेकंद उशिरा आलं, तर धागा ५ सेंटिमीटर पुढे निघून जातो. चांगली रुई बाहेर पडते आणि धागा सुतात जातो.

एकाच कामासाठी बनवलेलं सर्किट वेगवान असतं, पण बदलता येत नाही. आज निळा धागा, उद्या पिवळी सुतळी. म्हणून प्रोग्राम बदलता येणारा प्रोसेसर हवा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं १९९७ साली आणलेल्या सी-६००० मालिकेतले प्रोसेसर एका ठोक्याला आठपर्यंत सूचना पाळू शकत. मात्र कोणत्या आठ सूचना एकत्र चालतील, हे कंपायलर नावाचं सॉफ्टवेअर आधीच लावून देतं. कंपायलर कच्चा असेल, तर आठातले सहा हात रिकामे!

आमचा प्रोग्राम टेबलावर पास झाला आणि गिरणीत नापास. सरासरी ३० मिलिसेकंद लागत, पण मधेच एखाद्या वेळी ६०. डीबगरनं प्रोग्राम थांबवून पाहावं, तर कापूस थोडाच थांबतो? शेवटी चालत्या प्रोग्रामच्या प्रत्येक टप्प्याची वेळ नोंदवणारं साधन जोडलं. तेव्हा दिसलं, की बाहेरच्या मेमरीतून चित्र येईपर्यंत प्रोसेसर वाट पाहत बसतो. आम्ही मेमरीत दोन कप्पे केले. एकात नवं चित्र भरत असताना दुसऱ्यातल्या चित्रावर काम चालू. प्रोसेसर तोच राहिला, उशीर गेला.

तरुण मित्रांनो, चिपचा वेग विचारता, तसं तिच्यासोबतची साधनं काय दाखवतात, हेही विचारा. सरासरीवर समाधान मानू नका, सर्वांत वाईट वेळ मोजा. आणि शेतकरी बंधूंनो, वेचणीला सुती झोळी वापरलीत, तर आमचं बरंचसं काम वावरातच होईल.