चाकांवरचे घर

मी राहतो त्या येलहंक्यात १९८४ पासून आगगाडीची चाके घडविली जातात. रुळांवाचून त्या चाकांना गती नाही. न्यूझीलंडमध्ये हिंडणाऱ्या ‘कॅम्पर व्हॅन’ची चाके मात्र मोकळी असतात. बिछाना, चूल आणि पाण्याची टाकी घेऊन हे गाडीघर उत्तर बेटावरील वेलिंग्टनला जहाजात चढते, कुकची सामुद्रधुनी ओलांडून दक्षिण बेटावरील पिक्टनला उतरते आणि हिमशिखरांच्या व सरोवरांच्या वाटेला लागते.

परंतु या मोकळेपणालाही रूळ आहेत. २०११ च्या कायद्याने सार्वजनिक जागी मुक्कामाची मुभा दिली, तशा तिच्या मर्यादाही आखल्या. २०२३ मध्ये नियम अधिक कडक झाले. नगरपालिकेच्या जागेत गाडीत रात्र काढावयाची, तर सामान्यतः तीत पक्के बसविलेले शौचकूप हवे, तीन दिवसांचे पाणी हवे आणि तितक्याच दिवसांचे सांडपाणी साठविण्याची सोय हवी.

सौंदर्य पाहावयाचे, तर आपली घाण आपणच वाहून न्यावयाची, हा त्यातला न्याय मला मोलाचा वाटतो. सुटीच्या दिवशी येथून नंदीच्या डोंगराकडे निघणाऱ्या आपल्या गाड्यांत बिछाना नसेल, चूल नसेल. पण रिकाम्या बाटल्या परत आणण्यापुरती जागा त्यांत खचित असते.