घारीचं तूप आणि बाजरीचं पीठ



कोजागरीचं दूध पिऊन झालं की दुसऱ्याच दिवशी, आश्विन वद्य प्रतिपदेला, सुरतेत चांदनी पडवो. लोक रस्त्याकडेला चादरी अंथरतात, घारी आणि भुसू नावाचं फरसाण खात बसतात. घारी म्हणजे आत मावा नि सुका मेवा, बाहेर पातळ पुरी, आणि तिच्यावर पुन्हा थिजलेल्या तुपाचा थर! हे तूप पचवतं कोण?

'पित्त', असं बहुतेक जण सांगतील. पण पित्त तुपाचे फक्त बारीक थेंब करतं. ते तोडायचं काम लायपेज नावाच्या विकराचं. थोडं लायपेज जिभेच्या मागच्या ग्रंथींत तयार होतं, थोडं जठरात. खरा कारखाना स्वादुपिंडात. 1848च्या सुमारास फ्रान्सचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांना हे एका सशानं दाखवून दिलं. सशाच्या आतड्यात पित्ताची नळी आधी उघडते, स्वादुपिंडाची बरीच पुढे. चरबी खाल्लेल्या सशाच्या रसवाहिन्या दुधाळ दिसल्या त्या या दुसऱ्या नळीच्या पुढेच. तान्ह्या बाळाचं स्वादुपिंड अजून तयारीचं नसतं, तर आईच्या दुधातूनच लायपेज येतं. केवढी ही सोय!

हेच विकर स्वयंपाकघरातही भेटतं; त्यासाठी आता सुरतेतल्याच लिंबायत-उधन्याकडे वळू. तिथल्या खानदेशी घरांत बाजरीचं पीठ कधीच महिन्याचं दळत नाहीत, कडू पडतं. दोष गिरणीचा नाही. बाजरीत सुमारे पाच टक्के तेल, आणि त्याच दाण्यात लायपेजही. अख्ख्या दाण्यात दोघं आपापल्या जागी असतात. दळलं की गाठ पडते. तेल तुटून आम्लं सुटतात आणि पीठ खवट होऊ लागतं. दाण्यानं हे विकर ठेवलंय ते काही आपली भाकरी बिघडवायला नव्हे. कोंब फुटताना साठवलेलं तेल त्याला वापरायचं असतं. गुजरातच्या शेतांतली एरंडीही उगवताना हेच करते. बाजरीला दळण्याआधी चांगली उष्णता दिली, तर विकर निकामी होतं आणि पीठ जास्त दिवस टिकतं.

घारीवरच्या तुपाचं तसंच. लोणी कढवताना दुधातलं लायपेज कधीच संपलेलं असतं, पाणीही उडालेलं. पडव्याच्या आधी परदेशातल्या लेकीसुनांकडे घारीचे डबे निघतात, ते याच तुपाच्या भरवशावर.