थंडी आली, गटाच्या गाडीकडे बघा

दिवाळी झाली, पहाटे शेकोट्या पेटायला लागल्या. आज गटाच्या टेम्पोबद्दल बोलायचंय. दूध, भाजी न्यायला आपल्यातल्या कितीतरी गटांनी कर्ज काढून गाडी घेतलीय. पण तिच्या इंजिनात डोकावायचं काम तेवढं ड्रायव्हरदादांचं! हप्ता आपण भरतो, मग तेल किती उरलंय हे आपल्याला का कळू नये?

थंडीत आधी दगा देते ती बॅटरी. गारठ्यानं तिचा जोर कमी होतो, आणि इंजिनातलं तेल घट्ट झाल्यानं फिरवायला जोर तर जास्त लागतो. म्हणून संध्याकाळी झटकन चालू झालेली गाडी पहाटे नुसती घरघरते. तिकडे भाजीचा लिलाव होऊन जातो, सांजच्याला माल पडेल भावात द्यावा लागतो. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर गाडी बंद करून आधी काळी, म्हणजे वजा खुणेची वायर सोडवायची, मग लाल. हातात मोजे घाला, ती भुकटी कातडीला चावते. खायच्या सोड्याच्या पाण्यानं जुन्या ब्रशनं घासा, कोरडं करा. जोडताना लाल आधी, काळी शेवटी. वरून थोडं व्हॅसलीन. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर गॅरेजात तपासूनच घ्या.

डिझेल गाडीत चावी फिरवली की वेटोळ्याच्या खुणेचा पिवळा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबायचं, मगच स्टार्टर मारायचा. घाईत हे कुणी करत नाही.

तेलाची पट्टी सपाट जागी, इंजिन बंद करून थोड्या वेळानं बघायची. कूलंटमध्ये बोअरचं पाणी ओतू नका, आत क्षार धरतो. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कुणालाही उघडू देऊ नका. उकळतं पाणी तोंडावर उडतं.

थंडीत टायरची हवाही उतरते. गाडी चालवण्याआधी, टायर गार असतानाच मोजा. स्टेपनी विसरू नका.

आता उसाचा हंगाम. रस्त्यात बिनदिव्याच्या ट्रॉल्या, वर धुकं. धुक्यात लाइट डिपरवर ठेवायचा, अपरचा उजेड धुक्यावरून उलटा डोळ्यांत येतो. आपले मागचे दिवे लागतात का, ते एकीनं मागं उभं राहून बघावं, ब्रेक दाबायला लावून.

पुढच्या बैठकीला टेम्पो दारातच उभा करायला सांगा. जमाखर्चाच्या वहीत मागचं एक पान गाडीसाठी ठेवा: तेल कधी बदललं, हवा कधी भरली, कुणी बघितलं.