स्थानकापासून शाळेपर्यंतची वाट

दिल्लीसारख्या महानगरात मराठी शाळेची मुले दूरदूरच्या वस्त्यांतून येतात. त्यामुळे बस, मेट्रो आणि पदपथ यांवर तिचा पट अवलंबून असतो.

करोल बागेचेच पाहावे. नवी दिल्ली उभारताना विस्थापित झालेले गावकरी येथे वसले. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनी येथील बाजारपेठ वाढवली. ३१ डिसेंबर २००५ रोजी मेट्रो सुरू झाली आणि द्वारकेचा प्रवास सुकर झाला. मात्र स्थानकाच्या पायऱ्या उतरल्यावर मुलाला उरलेली वाट पायीच तुडवावी लागते, आणि भीती असते ती तेथेच. २०१९ मध्ये अजमल खाँ मार्गाचा एक भाग वाहनांना बंद झाला, तेव्हा पादचाऱ्यांना मोकळीक लाभली.

तथापि पदपथासाठी फेरीवाल्यांना हुसकावणे न्याय्य नव्हे. २०१४ च्या कायद्याने त्यांच्या उपजीविकेला संरक्षण दिले आहे. त्याच कायद्यान्वये नेमल्या जाणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांबरोबर रहिवासी संघांनाही स्थान आहे. पालकांनी आपापल्या संघांमार्फत तेथे मुलांच्या वाटेचा प्रश्न मांडावा. हीरक महोत्सवी वर्षात शाळेने एवढे कार्य हाती घेतले, तरी घर दूर म्हणून मराठी शाळा सोडण्याची वेळ काही मुलांवर येणार नाही.