शाखा कोणी निवडली?

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बुद्धिदात्या गणरायाला वंदन करून सुरुवात करतो. मुली इंजिनिअरिंगकडे कमी का वळतात, यावर बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. मी या विषयातला तज्ज्ञ नव्हे, आरोपी आहे!

आपल्या चेन्नईतल्याच गिंडीच्या कॉलेजातून १९४३ साली ए. ललिता विद्युत अभियंता झाल्या. देशातल्या पहिल्या महिला अभियंत्यांत त्यांचे नाव येते. अठराव्या वर्षी वैधव्य आले, पदरी तान्ही मुलगी. वडील त्याच कॉलेजात प्राध्यापक होते; मुलीच्या प्रवेशासाठी त्यांनीच शब्द टाकला. पुढे भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या विद्युत कामालाही ललिताबाईंचा हात लागला.

आता माझी गोष्ट. माझ्या मुलीने शाळेत असतानाच माझ्या स्कूटरचा कार्ब्युरेटर उघडून साफ केला होता. २००३ साली बारावीनंतर तिला मेकॅनिकल हवे होते. मी मात्र कारखाना आतून पाहिलेला. आमच्या शॉपमध्ये बायकांसाठी धड स्वच्छतागृह नव्हते; १९४८ च्या कारखाना कायद्याने त्यांना रात्रपाळीही बंद होती. मी म्हटले, "बाळ, कॉम्प्युटर घे." तिने घेतले. तिचे उत्तम चालले आहे. पण परवा तिने सहज विचारले, "बाबा, मला जमले नसते, की तुम्हाला झोप लागली नसती?" मला उत्तर देता आले नाही.

आयआयटींमध्ये २०१६ साली मुली जेमतेम आठ टक्के होत्या. २०१८ पासून त्यांच्यासाठी जादा जागा काढल्या, त्याही प्रवेश परीक्षेत पात्र ठरलेल्या मुलींसाठीच. २०२० पर्यंत प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास गेले. चार वर्षांत मुलींची बुद्धी थोडीच वाढली? पात्र मुली आधीही होत्या. मुलाला कोट्याला धाडताना आपण फी विचारतो, मुलीच्या वेळी "इतक्या लांब?" असे विचारतो.

समोर यंदाच्या बारावीच्या मुली बसल्या आहेत. पालकहो, फॉर्म भरण्याआधी त्यांना एकदा विचारा आणि उत्तर पुरते ऐकून घ्या. कारखान्यातल्या सहकाऱ्यांना एवढीच विनंती, की त्या येण्याआधी स्वच्छतागृह बांधून ठेवा.

गणपती बाप्पा मोरया!